गेमवाल्यांनो, जाताना किल्ली देऊन जा

ऑनलाइन शूटर गेम बनवणाऱ्या देशोदेशीच्या सगळ्या स्टुडिओंना आणि त्यांच्या पब्लिशर मंडळींना,

स.न.वि.वि.

पत्रास कारण की मागच्या दिवाळीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता, नववीतलं पोरगं, आणि आल्यापासून तोंड पाडून बसलेलं. चकलीला हात नाही, फटाके नकोत, बहिणीला वाटलं सहामाहीत दांडी उडाली असणार. शेवटी गच्चीवर नेऊन विचारलं तेव्हा म्हणाला, मामा, गेम बंद झाला. मी म्हटलं मग रिस्टार्ट मार की. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. "तसा बंद नाही रे मामा. कंपनीनेच बंद केला. कायमचा."

गेमचं नाव इथे लिहीत नाही, तुमच्यातल्या एकालाच कोपऱ्यात घ्यायचं नाहीये मला. नेहमीचाच प्रकार होता, पाच विरुद्ध पाच, परग्रहावरचा कुठलातरी तळ, लेझर बंदुका, उंच उड्या मारणारे यांत्रिक बूट. पोराने वाढदिवसाला आजोबांनी दिलेल्या पैशातून त्यात एका रायफलला सोनेरी रंग घेतला होता. लॅपटॉप उघडून दाखवला त्याने. आयकॉन जागच्या जागी, सत्तरेक जीबीचा फोल्डर जागच्या जागी, एक फाइल इकडची तिकडे नाही. डबल क्लिक केलं की तीन-चार लोगो येतात, जोरदार म्युझिक सुरू होतं आणि मग काळ्या पडद्यावर एक ओळ, सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही, आणि खाली एकच बटण, पुन्हा प्रयत्न करा. पोरगं रोज शाळेतून आल्यावर ते बटण एकदा दाबून बघायचं म्हणे.

त्या बटणाने माझं डोकं फिरलं राव. पुन्हा प्रयत्न करा! अरे कशाचा प्रयत्न, तिकडे सगळ्या खेळाडूंना जोडणारी सर्व्हरची मशीन विकून तुम्ही मोकळे झालात, निदान ते बटण तरी काढायचं.

तर पोराला जरा बरं वाटावं म्हणून मी माझी जुनी एक्स्टर्नल हार्डडिस्क काढली. तिच्यात अनरियल टूर्नामेंट हा शूटर गेम आहे, १९९९ चा, एपिक आणि डिजिटल एक्स्ट्रीम्स या कंपन्यांनी मिळून बनवलेला. तुमच्या ऑफिसातल्या नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. गोष्ट म्हणाल तर चार ओळींची, तेविसाव्या शतकात खाणकामगारांच्या मारामाऱ्या आवरेनात म्हणून सरकारने त्या कायदेशीरच करून टाकल्या आणि लिआंड्री नावाच्या खाणकंपनीने त्याची स्पर्धा भरवून लोकांना दाखवायला सुरुवात केली, बस. (कामगार मरतायत आणि कंपनी तिकिटं लावून कमावतेय, यात सायन्स फिक्शन किती हा वेगळा विषय.) पण खेळायला बसलात की गोष्ट गेली उडत. फेसिंग वर्ल्ड्स नावाचा मॅप आहे, अंतराळात तरंगणारा एक दगड, त्याच्या दोन टोकांना दोन मनोरे, आकाशात पृथ्वी फिरताना दिसते, आणि तुम्ही झेंडा घेऊन त्या उघड्या दगडावरून पळताय आणि समोरच्या मनोऱ्यावर स्नायपर घेऊन कोण बसलाय ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे कारण तो शेजारच्या खोलीतनं खिंकाळतोय. मॉर्फियसमध्ये तीन गगनचुंबी इमारतींची टोकं, गुरुत्वाकर्षण कमी, उडी मारली की माणूस खाली यायला चहा होतो. आणि शॉक रायफल! राइट क्लिक केलं की जांभळट गोळा संथ निघतो, एकदम निरुपद्रवी वाटतो, आणि त्याच गोळ्याला मागनं लेफ्ट क्लिकच्या किरणाने बरोबर टिपलं की असा काही फुटतो की आजूबाजूचे सगळे साफ. दोन बटणं फक्त. शिकायला अर्धा तास आणि नीट जमायला दोन सेमिस्टर, माझी तरी दोन गेली, एकात तर एटीकेटी लागली.

हॉस्टेलचं थोडं सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे.

साल २००२-०३. पश्चिम महाराष्ट्रातलं एक इंजिनीअरिंग कॉलेज, हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर अकरा खोल्यांत मिळून सात पीसी, सगळे असेंबल केलेले, कुणाचं कॅबिनेट उघडंच, कुणाच्या सीपीयूवर टेबलफॅन रोखलेला. वर्गणी काढून आठ पोर्टचा नेटवर्क स्विच आणला, केबल खिडकीतनं बाहेर काढून पन्हाळीच्या पाइपाला सुतळीने बांधत बांधत खोल्याखोल्यांत नेली, क्रिंपिंगचा पक्कड इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधनं 'आणलेला'. माकडं केबल ओढायची. पावसाळ्यात पाच नंबरची खोली नेटवर्कवरून गायब व्हायची. सीडी ओरिजिनल होती का असं विचारू नका, नोकरी लागल्यावर पैसे देऊन घेतला हा गेम मी आणि पाप फेडलं.

आमचा एक सिनियर होता, सगळे त्याला अण्णा म्हणायचे, त्याच्याकडे एक जुना पेंटियमचा डबा पडून होता. मॉनिटर नाही, साउंड कार्ड नाही, काही नाही. अण्णाने त्यावर सर्व्हर चढवला. गेमच्या सिस्टम फोल्डरमध्येच एक यूसीसी नावाची छोटी फाइल असते, तिला काळ्या खिडकीत एक ओळ लिहून सांगायचं की सर्व्हर हो, अमुक मॅप घे, इतकी माणसं घे. की झालं. ग्राफिक्स नको, माऊस नको, तो डबा अण्णाच्या कॉटखाली घुं घुं करत पडलेला असायचा आणि आम्ही सगळे त्यात लढत असायचो. रात्री दोन वाजता कुणाच्यातरी स्पीकरमधनं मॉन्स्टर किल असा तो घोगरा आवाज घुमायचा आणि खालनं रेक्टर सरांची बॅटरी हलताना दिसायची, मग सगळे दिवे बंद, डबा मात्र चालू. अण्णा पास होऊन गेला तेव्हा गादी घेऊन गेला, बादली घेऊन गेला, डबा आम्हाला ठेवून गेला. वर कागद चिकटवलेला, पासवर्ड आणि ती एक ओळ. आम्ही गेलो तेव्हा आम्ही ज्युनियर पोरांना ठेवला. पुढे त्याच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून तो मेला असं ऐकलं, तोवर आमच्यानंतरच्या दोन बॅचेस त्यात खेळून गेल्या होत्या.

अण्णाने काय मोठं केलं असं नाही, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे एवढंसं सुद्धा जमत नाहीये म्हणून सांगतोय.

मी स्वतः आयटीत आहे, हिंजवडीत, सर्व्हर म्हणजे काय ते मला माहितीय, त्यामुळे मला उगाच क्लाउडची भीती घालू नका. तेव्हाच्या गेमात कंपनीकडे काय होतं? मास्टर सर्व्हर. म्हणजे नुसती टेलिफोन डिरेक्टरी, कुठल्या पत्त्यावर कोण खेळ मांडून बसलंय त्याची यादी. खेळ आपला लोकांच्याच मशीनवर. म्हणून काय झालं बघा, २०२२ च्या डिसेंबरात एपिकने जाहीर केलं आणि २४ जानेवारी २०२३ ला जुन्या बऱ्याच गेमांच्या ऑनलाइन सेवा बंद केल्या, त्यात अनरियलचे पण होते, दुकानातनंही काढून टाकले. वाईट वाटलं. पण गेम मेला नाही! कारण डिरेक्टरी फाडली तरी घरं उभीच होती. हौशी लोकांनी स्वतःच्या डिरेक्टऱ्या आधीपासून चालू ठेवल्या होत्या, गेमच्या एका साध्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये जुना पत्ता खोडून नवा लिहायचा की यादी परत हजर. ओल्डअनरियल म्हणून चाहत्यांचा गट आहे, त्यांनी एपिकच्या परवानगीने त्याचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, काढले, आजच्या विंडोजवर मख्खन चालतो. आणि पुढे २०२४ च्या नोव्हेंबरात जुन्या गोष्टी जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या साइटवरून हा गेम उतरवून घ्यायला पण एपिकने मान्यता दिली, फुकट. याबद्दल एपिकवाल्यांना या पत्रात जाहीर धन्यवाद, उशिरा का होईना पण नीट वागलात.

आता याच्या शेजारी दुसरा गेम ठेवतो. लॉब्रेकर्स. अनरियल टूर्नामेंटच्या डिझायनरांमध्ये जो क्लिफ ब्लेझिन्स्की होता त्याच्याच 'बॉस की' नावाच्या स्टुडिओने काढलेला, तोच सायन्स फिक्शनचा थाट, तोच गुरुत्वाकर्षणाशी खेळ. ऑगस्ट २०१७ ला आला आणि १४ सप्टेंबर २०१८ ला सर्व्हर बंद. म्हणजे एकाच माणसाचा हात लागलेले दोन गेम, अठरा वर्षांनी मोठा असलेला अजून धावतोय आणि धाकटा तेरा महिन्यांत कंपनीने आटोपला. फरक बंदुकांचा नव्हता, फरक एवढाच की पहिल्यात सर्व्हर गेमबरोबरच घालून दिला होता आणि दुसऱ्यात नव्हता.

कॉन्कॉर्डचं तर काय बोलायचं. सोनीचा गेम, २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद. चौदा दिवस. त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला बसले, म्हणजे आमच्याकडे मूर्ती घरी यायच्या आदल्या दिवशी तिकडे विसर्जन झालं पण. पैसे सगळ्यांचे परत दिले हे मान्य, तेवढं चांगलं केलं. पण तो गेम बनवायला ज्या चित्रकारांनी, प्रोग्रामरांनी कैक वर्षं घातली त्यांना आपलं काम पोराबाळांना दाखवायचं झालं तर काय दाखवणार, यूट्यूबचा व्हिडिओ? त्यांचा तरी विचार करा. पडलेला पिच्चरसुद्धा कुठेतरी बघायला मिळतो हो.

आणि लोक कसे जीव लावतात त्याचा एक किस्सा सांगतो, हॅलो २ या शूटरचा. मूळ एक्सबॉक्सची (टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा) ऑनलाइन सेवा मायक्रोसॉफ्टने १५ एप्रिल २०१० ला बंद केली. पण त्यात एक फट राहिली होती, जो आधीपासून आत आहे त्याला बाहेर काढलं जात नव्हतं, फक्त एकदा बाहेर पडला की परत प्रवेश नाही. मग काही पोरांनी एक्सबॉक्स बंदच केला नाही. दिवसरात्र चालू. चौदा जण उरले होते म्हणतात, त्यातला एकेक गळत गेला, कुणाचं मशीन तापून बंद पडलं, कुणाचं नेट गेलं, आणि शेवटचा मे महिन्यात गेला. म्हणजे जवळजवळ महिनाभर माणसं डबा बंद पडू नये म्हणून राखण करत बसली. मी विचार करतो की आमच्याकडे लोडशेडिंगच्या काळात हे झालं असतं तर पहिल्या दिवशी पावणेअकराला सगळे आऊट.

आता तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे. म्हणणार, आजचा गेम तेव्हासारखा सोपा नाही, लॉगिन एकीकडे, मॅचमेकिंग (कोण कुणाशी खेळणार ते जुळवणं) दुसरीकडे, खरेदीचा हिशोब तिसरीकडे, चीटर पकडायचं सॉफ्टवेअर चौथ्या कंपनीचं, त्याचं लायसन्स आम्ही वाटू शकत नाही. खरंय. मी रोज असलीच भेंडोळी सोडवतो. पण मग चौथ्या कंपनीचं ते काढून ठेवा आणि बाकीचं द्या. आयडी सॉफ्टवेअर कंपनीने डिसेंबर १९९७ ला आपल्या डूम गेमचा सोर्स कोड, म्हणजे गेम ज्यातून बनतो तो मूळ मजकूर, लोकांना दिला तेव्हा आवाजाची लायब्ररी दुसऱ्याची होती, म्हणून ती लागत नाही अशी लिनक्सवरची आवृत्ती दिली, बाकीच्या मशीनवर लोकांनी ती स्वतः बसवून घेतली. नंतर ऑगस्ट २००५ ला त्यांच्याच क्वेक ३ चा पण दिला. आणि हे जुन्या काळातलंच आहे असं नको, नॉकआउट सिटी म्हणून चेंडू फेकाफेकीचा गेम होता, शूटर नव्हे पण पूर्ण ऑनलाइन, जून २०२३ मध्ये तो बंद करताना वेलान स्टुडिओने पीसीवाल्यांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती काढून दिली आणि मग शटर ओढलं. छोटा स्टुडिओ हो. त्यांना जमलं.

चीटर येतील म्हणता? येऊ देत. आमच्या लॅनवर, म्हणजे त्या हॉस्टेलच्या केबलवर, पण एक जण भिंतीतनं बघायचा हॅक टाकून खेळायचा, त्याची केबल काढली, आठवडाभर मेसमध्ये त्याच्याशी कोणी बोललं नाही, सुधारला. ओळखीतल्या चार टाळक्यांच्या सर्व्हरला कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या पार गाभ्यात, घुसणारं अँटीचीट लागत नाही.

एक मात्र मी तुमच्या बाजूने कबूल करतो की लोकांच्या खासगी सर्व्हरवर कोणी घाण बोललं, काही वंगाळ केलं तर नाव तुमचं खराब होईल ही भीती खोटी नाही. त्याला उपाय म्हणून लिहा ना पहिल्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात की हा सर्व्हर आमचा नाही. आम्हाला वाचता येतं. आणि दुसरं कारण जे तुम्ही बोलत नाही, जुना गेम चालू राहिला तर नवा कोण घेणार, ते पण मला कळतं, धंदा आहे. पण मग पैसे घेताना तसं सांगा. बटणावर 'विकत घ्या' असं लिहिलेलं असतं, 'आम्हाला कंटाळा येईपर्यंत वापरा' असं नसतं. कॅलिफोर्नियात २०२४ ला कायदा करावा लागला की ही मालकी नसून नुसतं लायसन्स आहे हे दुकानाने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं, एवढी साधी गोष्ट सांगायला कायदा!

युरोपात रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने एप्रिल २०२४ पासून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम चालवली, एक गाड्यांचा ऑनलाइन गेम बंद पडला त्यावरून पेटलेली, आणि जुलै २०२५ मध्ये त्यांच्या युरोपियन युनियनकडच्या अर्जावर दहा लाखांवर सह्या झाल्या. भाच्याने मला विचारलं मामा आपण सही करूया का. नाही करता येत बाबा, ती युरोपच्या नागरिकांनीच करायची असते. पैसे मात्र आपले चालतात. म्हणून म्हटलं सही नाही तर नाही, पत्र तरी टाकू.

आणि हे आता फक्त अमेरिका-युरोपपुरतं राहिलं नाहीये. पुण्यातल्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडस हा शूटर गेम काढला, भारतीय पुराणातनं आणि भविष्यातनं मिळून केलेलं जग, बघून भारी वाटलं. इथल्या नव्या स्टुडिओंनो, तुमचं तर सगळं अजून सुरू व्हायचंय, बंद कसं करायचं हे आत्ताच ठरवणं सोपं, नंतर दहा वर्षांचा गुंता झाल्यावर कोण सोडवत बसतंय. आमच्या कंपनीत एखादं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला देताना करारातच लिहिलेलं असतं की सपोर्ट कधी संपणार आणि संपल्यावर डेटाचं काय, बँकेला असं 'पुन्हा प्रयत्न करा' बटण देऊन बघा एकदा.

मला काय पाहिजे ते साधं आहे. गेम किमान किती वर्षं चालवणार ते विकतानाच सांगा, वर्षं कमी असली तरी चालतील पण सांगा. बंद करायचा दिवस आला की सर्व्हरची फाइल, अर्धवट का असेना, देऊन जा, आम्ही ठोकून-ठाकून बसवू. ते पण नसेल होत तर निदान बॉट, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो ते खेळाडू, ठेवा आणि घरातल्या घरात लॅनवर खेळायची सोय ठेवा. एपिकने बॉटचं काम ज्या स्टीव्ह पोल्गेला दिलं होतं तो आधी घरी बसून हौसेने क्वेकचे बॉट बनवायचा, तेव्हा हे असं काम करणारी माणसं मिळतात, शोधा. आणि यातलं काहीच जमणार नसेल तर जी पोरं तुमचा मेलेला गेम रात्री जागून उठवतायत त्यांना वकिलाची नोटीस पाठवू नका, एवढं तरी.

बाकी त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. आमच्या त्या खोलीत वायफाय रेंज देत नव्हतं म्हणून मी फोनचा हॉटस्पॉट लावला, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर (आयटी टीमने हे वाचू नये) सर्व्हर चढवला, विंडोजने विचारलं ह्या प्रोग्रामला नेटवर्क वापरू द्यायचं का, दिलं. भाच्याच्या लॅपटॉपवर यादीत काही दिसेना, पोराचा चेहरा परत पडायला लागला. मग ओपन लोकेशनमध्ये जाऊन आयपी पत्ता हाताने टाकला, १९२.१६८ वगैरे, शेवटचा आकडा चुकला, परत टाकला. लोडिंग. डेक १६ हा मॅप, तळाशी हिरव्या चिखलाचं तळं. मी वरच्या कठड्यावर फ्लॅक तोफ घेऊन वाट बघत उभा, वीस वर्षांचा अनुभव, म्हटलं पोराला जरा धाक बसवू. पहिली दहा मिनिटं तो नुसता मरत होता आणि हसत होता. बहीण दोनदा येऊन गेली, झोपा आता. साडेबाराला त्याने मला रॉकेटने उडवलं आणि एवढ्या जोरात ओरडला की समोरच्या फ्लॅटातला दिवा लागला.

नेट नव्हतं चालू. फोनचा डेटा पण मी बंद ठेवला होता, मुद्दाम.

कळावे,

आपला,
फ्लॅकवाला मामा, पुणे

ता.क. भाच्याने तो सत्तर जीबीचा फोल्डर अजून डिलीट केलेला नाही. मी म्हटलं जागा अडलीय, काढून टाक. म्हणाला राहू दे, सर्व्हर दिला कुणी तर लागेल.